घाट लागला की सायकल ‘धरते’: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळच्या घाटाला निघालेले सायकलवाले माझ्या दुकानात दोनदा येतात. सकाळी हवा भरायला, आणि त्याच दुपारी तोंड पाडून. तक्रार एकच: ‘‘भाऊ, सपाटीवर लोण्यासारखी चालते, घाट लागला की धरते.’’ आता ‘धरते’ म्हणजे ‘अंगात कसकस आहे’ म्हणण्यासारखं झालं. त्यावरून औषध देता येत नाही. म्हणून आधी लक्षणं वेगळी करू.

लक्षणं

– पॅडल प्रत्येक फेरीत वरच्या टोकाला अडल्यासारखं होतं. श्वास ठीक असतो, मांड्या पेटलेल्या असतात.
– किंवा याच्या उलट. पाय शाबूत, पण छातीचा भाता झालेला; दोन शब्द सलग बोलवत नाहीत.
– उभं राहून जोर दिला की चेन ‘कट्’ करून एक दात सोडते.
– सगळ्यात हलका गिअर पडतच नाही, किंवा पडला की चेन थेट चाकाच्या तारांमध्ये.
– चाकाच्या दर फेरीला एकदा ‘घस्स’ असा आवाज.
– पुढचं चाक हलकं वाटतं, हँडल इकडेतिकडे पळतं.
– गुडघ्याच्या वाटीच्या पुढे किंवा लवणीत मागे दुखतं.
– घाम थांबला, डोकं ठणकतं, उन्हात असून अंगावर काटा येतो. हे असेल तर मधलं काही वाचू नका, थेट ‘कुठे थांबायचं’ या भागात जा.

मुळात बिघाड आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि निम्म्याहून जास्त लोकांचं काम इथेच होतं. मला बी.एस्सी.ला फिजिक्समध्ये एटीकेटी लागली होती. तेव्हा डोक्यात न शिरलेलं गणित आता दुकानातल्या पाटीवर रोज खडूने लिहितो.

समजा तुम्ही ६५ किलो, सायकल १५ किलो, सामान १५ किलो. एकूण ९५. सपाटीवर ताशी २५ किलोमीटरने चालवायला साधारण १६० वॅट लागतात. त्यातले १२० हवा कापण्यात जातात, बाकीचे टायर दबण्यात. आता तोच माणूस, तेच १६० वॅट, पण ७ टक्के चढ, म्हणजे १०० मीटर रस्त्याला ७ मीटर उंची. वेग किती निघतो? ताशी ८. त्यात १४५ वॅट नुसतं वजन वर उचलण्यात जातात, टायरला १२ आणि हवेला जेमतेम ४.

म्हणजे पंचवीसची आठवर आलेली सायकल बिघडलेली नाही. तेवढ्याच जोरात जेवढी चालायला हवी तेवढीच चालते आहे. बिघाड सायकलीत नसतो, अपेक्षेत असतो. सपाटीवर पुढच्याच्या मागे दडून हवा चुकवता येते. चढावर चुकवायला हवाच नसते, सगळा हिशोब वजनाशी असतो आणि वजन कोणाच्या आडोशाला ठेवता येत नाही. ग्रुपमध्ये सपाटीवर सोबत चालणारी मंडळी घाटात मैलभर का पांगतात, याचं कारण हेच. त्यात कोणाची नामुष्की नाही.

घाटाचं देणं ठरलेलं असतं. शहाद्याकडची सपाटी समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, तोरणमाळ अकराशेच्या वर. म्हणजे साधारण १००० मीटर उंची. ९५ किलो १००० मीटर उचलायला ९३० किलोज्यूल लागतात, तुम्ही धावत जा की रांगत. गिअर, हलकी चाकं, भारी बूट यातल्या कशानेही ते देणं माफ होत नाही. फक्त हप्ता लहान पाडून घेता येतो.

आणि एक गैरसमज इथेच मोडतो. ‘‘पायथ्यापासून जोरात घेतो, मग झटक्यात चढते.’’ ताशी २५ च्या वेगात जेवढी ऊर्जा असते, तिच्यावर सायकल फार तर अडीच मीटर उंच चढते. ७ टक्क्यांच्या चढावर तो ३५ मीटर रस्ता झाला. एकामागे एक लावलेल्या तीन एसटी गाड्यांएवढा. त्यापुढे घाट तसाच उभा, आणि तुमचा दम मात्र तीन गाड्यांतच संपलेला. कन्नडच्या घाटात खाली चाळीसगावकडून येणारी पोरं हे हमखास करतात, कोंडाईबारीच्या घाटातही तेच. पहिल्या वळणावर सगळ्यांच्या पुढे, तिसऱ्या वळणावर दगडावर बसलेली.

करून बघा: पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम लाज वाटेल इतक्या हळू चढा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एवढ्याने त्रास गेला तर दुकानात येऊ नका. चहाला या.

चाकं उचलून फिरवा

हेही फुकट. एकाने मागून कॅरिअर धरून उचलायचं, दुसऱ्याने चाक हाताने फिरवायचं. आपोआप दहा-पंधरा फेऱ्या होऊन हळूहळू थांबलं तर ठीक. दोन-तीन फेऱ्यांत गचकन थांबलं तर ब्रेकपॅड घासतोय किंवा हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, कोन जास्त आवळलेत.

का महत्त्वाचं? पॅड अर्धा किलोच्या जोराने जरी रिमला अडवत असला, तरी ताशी ८ च्या वेगात अकरा वॅट जातात. घाटात, जिथे तुमच्याकडे एकूण दीडशे-एकशेसाठ आहेत, तिथे ते पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्यासारखे सारखे जाणवतात.

फेरीत एकदाच घासत असेल तर रिम लचकली आहे, आणि रिम लचकली तर बहुधा एखादी तार सैल किंवा तुटलेली आहे. तारा बोटांनी जोडी-जोडीने दाबत जा, सैल तार लगेच हाताला लागते. इथे लोक एक सोपा पण घातक उपाय करतात: मागचा ब्रेकच उघडून टाकतात. चढताना छान वाटतं. पण तोच घाट उतरायचा आहे हे विसरू नका.

हवा आणि सीट

टायरच्या बाजूला किती हवा भरायची ते छापलेलं असतं. ३२–३५ मिलिमीटरच्या टायरला सामानासकट ६५ ते ८० पीएसआय बरं पडतं, मागच्याला पुढच्यापेक्षा थोडी जास्त. अंगठ्याने दाबून ‘कडक आहे’ म्हणू नका, गेज लावा. हवा कमी असेल तर टायरचे बारा वॅट सहज दुप्पट होतात. पंपावरच्या ट्रकच्या नळीने भरताना मात्र जपून. आमच्याकडे फाटलेली निम्मी ट्यूब तिथलीच असते.

सीट: टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजाने चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढे दुखतं, फार वर असेल तर मागे लवणीत. खानदेशात बऱ्याच जणांची सीट खालीच असते, कारण लहानपणी काकाच्या काळ्या सायकलीवरून दोन्ही पाय टेकायची सवय. सपाटीवर ते खपतं. घाटात एकेक पाय तासाला तीन-साडेतीन हजार वेळा दाबायचा असतो, तिथे गुडघा हिशोब मागतो.

ऊन, पाणी, पोट

छातीचा भाता होणाऱ्यांनी सायकल सोडून आधी हे बघा. शरीर काही फार चांगलं इंजिन नाही. खाल्लेल्यातला चौथा-पाचवा हिस्सा पॅडलला पोचतो, बाकीची उष्णता होते. पॅडलवर १६० वॅट देताना अंगातून पाचशेहून जास्त वॅट उष्णता बाहेर पडायची असते. अर्ध्या इस्त्रीएवढी. सपाटीवर ताशी २५ चा वारा ती काढून नेतो. चढावर ताशी ८, आणि नेमका मागून तेवढाच वारा असेल तर तुमच्या अंगाला लागणारी हवा शून्य. घाम येतो पण सुकत नाही, आणि न सुकलेल्या घामाने अंग थंड होत नाही.

तासाला पाऊण ते एक लिटर पाणी धरा, चिमूटभर मीठ-साखर घालून. खाण्याचं गणित आपल्याकडे सोपं आहे. त्या १००० मीटरला साधारण ९०० ते ११०० किलोकॅलरी लागतात, मध्यम केळं १०० च्या आसपास. जळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण दहा केळी एकदम पायथ्याला नाही, अर्ध्या तासाला एक. आणि आदल्या रात्री शेवभाजीचा तर्रीदार रस्सा दोनदा वाढून घेतला असेल, तर सकाळी छातीत जे जळतं त्याचा दोष गिअरला देऊ नका.

मार्चनंतर इथे उन्हाचा पारा चाळीस ओलांडतो, मेमध्ये पंचेचाळीसलाही टेकतो. तेव्हा पहाटे पाचला राणीपूर सोडायचं किंवा तो बेत दिवाळीनंतर करायचा. काळ्या कातळाला टेकलेली वळणं अकरानंतर तव्यासारखी तापतात. मे महिन्यात धडगावकडे घरांपुढे आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतात. चार-सहा दिवसांत कडकडीत होतात. त्यावरून काय ते समजा.

सामान: किती आणि कुठे

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात आणि सगळ्यात जास्त वाद इथेच घालतात.

मागच्या डिसेंबरात धुळ्याचा एक पोरगा तोरणमाळच्या वाटेवरच्या सातपायरी घाटाखालूनच परत आला. सायकल चांगली, पाय चांगले. म्हणाला, ‘‘दादा, गिअरमध्ये काहीतरी लोचा आहे.’’ मी गिअरला हात लावला नाही. पोत्यावर त्याच्या दोन्ही बॅगा रिकाम्या केल्या आणि शेजारच्या धान्यवाल्याच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. दोन जीन्स. साखळीचं कुलूप, जवळजवळ दोन किलो. दोन पॉवरबँक. स्टीलचा चारपुडी डबा. आईने दिलेलं कळण्याचं पीठ, ‘‘वर भाकरी करून घेशील’’ म्हणून. एक जाड टॉवेल, अजून ओला. आणि तळाशी पाण्याच्या चार बाटल्या, भरलेल्या, जेव्हा वाटेत हापसे आणि गावं आहेत. काटा २३ किलोवर थांबला. त्याने घरून निघताना अंदाज केला होता ‘‘दहा-बारा असेल’’.

पाच किलो म्हणजे किती? १००० मीटर चढायला ४९ किलोज्यूल जास्त. १५० वॅट देणाऱ्या माणसाला साडेपाच मिनिटं. ऐकायला काहीच नाही. म्हणूनच लोक वाद घालतात, आणि खरं सांगायचं तर दोनशे ग्रॅम वाचवायला टूथब्रश कापणाऱ्यांशी मीही वाद घालतो. पण अकरा किलो जास्तीचे म्हणजे बारा मिनिटं, शिवाय सगळ्यात हलक्या गिअरातही पाय जड पडायला लागतो, आणि एकदा तो जड पडला की खरा त्रास पुढे सुरू होतो. तो खाली गिअरच्या भागात येईल.

जागा वजनाइतकीच महत्त्वाची. सगळं मागे लादलं की चढावर भार मागच्या चाकामागे सरकतो आणि पुढचं चाक हलकं होतं. हँडल पळतं ते त्यामुळे. सरळ रेषेत राहायला सारखं हँडल सावरावं लागतं आणि प्रत्येक सावरण्यात जोर जातो. तिसरा हिस्सा तरी पुढे आणा, जड वस्तू बॅगेच्या तळाशी आणि आत, चाकाच्या जवळ. पाण्याच्या बाटल्या फ्रेमवर. कॅरिअरच्या वर उंच गाठोडं बांधू नका. उभं राहून पॅडल मारताना ते घोडागाडीतल्या पाहुण्यासारखं डुलतं.

त्या पोराने पीठ आणि कुलूप माझ्याकडे ठेवलं. दुसऱ्या दिवशी चढला. पिठाच्या भाकरी आम्ही खाल्ल्या, हे त्याच्या आईला कळायला नको.

रस्ता वाचणं

हे सायकलीचं काम नाही, पण फुकट आहे म्हणून इथेच सांगतो. डोंगरी रस्ते बांधताना चढ साधारण ५–६ टक्क्यांवर ठेवायचा आणि नाइलाजानेच ७–८ पर्यंत जायचं, असं मानक आहे. पण ते रस्त्याच्या मध्यरेषेचं. केसाच्या पिनेसारख्या वळणावर आतल्या कडेने गेलात तर रस्ता आखूड होतो, उंची मात्र तेवढीच. समजा वळणात २ मीटर चढ आहे. मधून ३१ मीटर चालावं लागतं, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आत. आतल्या कडेने २२ मीटर, म्हणजे ९ टक्के. डावीकडे वळणारं वळण आपल्याला आपोआप आतल्या बाजूला ढकलतं. तिथे वळणाच्या आधीच एक गिअर हलका करा.

नागमोडी चढू नका. गणित बरोबर आहे, रस्ता लांबतो आणि चढ कमी होतो. पण समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमचं गणित ठाऊक नसतं. चांदसैलीसारख्या अरुंद घाटात तर विचारही नको. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारून घ्या, दरड आली की अर्ध्यातून फिरावं लागतं.

गिअर: दात मोजा

आता हात काळे करायची वेळ.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारे जाणते लोक आधी त्याचा जबडा उघडून दात बघतात. मीही तेच करतो. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दात मोजा, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. आलेल्या आकड्याला चाकाच्या परिघाने, म्हणजे साधारण २.१५ मीटरने गुणा. पॅडलच्या एका फेरीत सायकल तेवढी पुढे जाते.

पुढे २८, मागे २८: फेरीला २.१५ मीटर. ताशी ८ ने चढताना मिनिटाला ६२ फेऱ्या. चालतं.
पुढे २८, मागे ३४: फेरीला पावणेदोन मीटर, ७५ फेऱ्या. सुखाचं.
रेसिंग प्रकारातली, पुढे ३४, मागे २८: अडीच मीटरच्या वर, ५० च्या आसपास फेऱ्या. सामानाशिवाय ठीक, सामानासकट जड.
काळी सायकल, पुढे ४४, मागे १८: फेरीला सव्वापाच मीटर, फेऱ्या पंचवीस. तुमचे आजोबा घाटात उतरून चालायचे ते कमजोर होते म्हणून नाही.

फेऱ्यांना एवढं महत्त्व का? तेच १६० वॅट मिनिटाला ६० फेऱ्यांनी द्यायचे तर पॅडलवर सरासरी १५ किलोचा दाब लागतो. ४० फेऱ्यांनी द्यायचे तर २३ किलो. पॅडल खाली दाबताना मधोमध तर सरासरीच्या जवळजवळ दुप्पट दाब पडतो. म्हणजे काम तेच, पण प्रत्येक घाव दीडपट जड. स्नायू जड घावांनी लवकर मरतो, हलक्या घावांनी तासन्‌तास चालतो. हप्ता लहान म्हणजे हा. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा, चाराने गुणा. ५० च्या खाली गेलात आणि खाली आणखी गिअर शिल्लक नाही, तर तुमची लक्षणयादीतली पहिली तक्रार हीच आहे.

गिअर शिल्लक असून पडत नसेल तर आधी एक साधी गोष्ट: तुम्ही फार उशिरा बदलता. चेनवर पूर्ण ताण असताना ती बाजूला सरकत नाही. चढ दिसला की बदला, लागल्यावर नाही. अगदीच अडकलात तर अर्धी फेरी जोर देऊन, पुढच्या अर्ध्या फेरीत पाय हलका सोडून बटण दाबा.

तरीही पडत नसेल तर केबल. मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाला, केबल जिथे शिरते तिथे एक गोल फिरकी असते, ती अर्धा-अर्धा फेरा सैल दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवून केबलचा ताण वाढवून बघा. केबल गंजली असेल तर फिरकीने काही होत नाही, केबल आणि आवरण बदला. स्वस्त आहे.

चेन तारांमध्ये पडत असेल तर डिरेलरवर ‘एल’ लिहिलेला बारीक स्क्रू असतो, तो पाव फेरा आवळा. हे घरीच करा, घाटात नको. तारांमध्ये शिरलेली चेन डिरेलर उपटून चाकात ओढते. मी तसे तीन बघितले आहेत, तिन्ही टेम्पोतून आलेले. स्क्रू आवळायच्या आधी मागून डोळा लावून बघा. डिरेलर ज्या कानाला लटकतो तो आत वाकलेला दिसतोय का? वाकला असेल तर स्क्रूने तात्पुरतं झाकलं जातं, दोष जात नाही.

चेन

जोर दिला की ‘कट्’ होत असेल तर स्टीलची पट्टी घ्या, शिंप्याची कापडी टेप नको. चेनची एक पूर्ण जोडी, एक जाड कडी आणि एक बारीक, बरोबर १ इंचाची असते. एका पिनेच्या मधोमध शून्य लावा आणि बारा जोड्या मोजा. नवीन चेन बरोबर १२ इंच. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वाढली असेल तर चेन बदला. पूर्ण सूत वाढली असेल तर चेनसोबत मागच्या चक्रांचा गड्डा, म्हणजे फ्रीव्हील किंवा कॅसेटही गेलं. लांबलेल्या चेनने दात घासून हुकासारखे केलेले असतात. त्यांच्यावर नवी चेन चढवली तर ती पहिल्याच चढावर आणखी जोरात उडी मारेल, आणि तुम्ही म्हणाल दुकानदाराने नकली माल दिला.

सपाटीवर हे का कळत नाही? कारण सपाटीवर चेनवर ताण कमी असतो. घाटात, हलक्या गिअरात, चेनवरचा ताण सपाटीच्या दुप्पट-तिप्पट होतो. झिजलेला दात तेव्हाच दगा देतो, आणि नेमके तेव्हा तुम्ही पॅडलवर उभे असता.

पट्टी लावण्याआधी एकदा चेन उलटी फिरवून बघा. एखादी कडी अडकून डिरेलरमध्ये उड्या मारत असेल तर झीज नाही, फक्त अडकलेली कडी आहे. तेलाचा थेंब आणि बाजूला थोडं हलवणं पुरतं. तेल कडीच्या आत हवं, बाहेरून पुसून टाकायचं. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की तिचा सँडपेपर होतो.

फ्रीव्हील बदलणं

दात मोजून गिअरच जड निघाला तर हा शेवटचा आणि सगळ्यात महाग उपाय. सात गिअरच्या साध्या सायकलीत १४–२८ चं फ्रीव्हील काढून १४–३४ चं बसवता येतं. पण लांब पिंजऱ्याचा डिरेलर हवा आणि चेनही लांब हवी, नाहीतर मोठ्यावर मोठं पडलं की चेन ताणून सगळं मोडतं. फ्रीव्हील खोलायला त्याच्या खाचेत बसणारं खास पान लागतं. छिन्नी-हातोडीने ‘‘निघतं की’’ म्हणणारे आमच्याकडे हब घेऊन येतात. हे काम दुकानातच करून घ्या.

कुठे थांबायचं

सायकलीच्या बाबतीत: रिमच्या कडेला उभी भेग, शेजारच्या दोन तारा तुटलेल्या, फ्रेमवर क्रँकच्या (पॅडलच्या दांड्याच्या) आसपास रंगातून केसाएवढी रेघ, फ्रीव्हील दोन्हीकडे मोकळं फिरतंय. यातलं काहीही दिसलं तर चढू नका आणि उतरूही नका, सायकल गाडीत घाला. क्रँक हाताने हलवून कटकट वाजत असेल तर तिथल्या तिथे नट आवळा. पाना नसेल तर चालत या. सैल क्रँकवर दहा किलोमीटर मारलेत तर तिचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग ती कधीच घट्ट बसत नाही.

गुडघा: सीट नीट केली, गिअर हलका केला, तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखतंय किंवा सूज आहे, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे. पट्टा बांधून पुढचा घाट चढू नका.

अंगाचं: छातीत दाब किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ, चक्कर, बोलणं अडखळणं, उन्हात घाम थांबून अंग तापणं, थांबल्यावर दहा मिनिटांनीही न उतरणारी धडधड. सावलीत आडवे व्हा, कपडे सैल, डोकं-मान-काखेत पाणी, आणि सोबत्याने १०८ ला फोन करायचा. डोंगरात रेंजचा भरवसा नाही, म्हणून फोनसाठी थांबून न राहता जी गाडी येईल तिला हात करा. ‘थोडं राहिलंय’ हा विचार तिथे करायचा नाही.

आणि काहीच बिघाड नाही, नुसतं होत नाही, तेव्हा उतरून चाला. ताशी चार-पाचने चढ चालत जाणं आणि ताशी सहाने सायकलवर डुगडुगत जाणं यात फार अंतर नाही, उलट चालताना गुडघ्यांना विसावा मिळतो. पहिल्यांदा सायकल ढकलत निघालो तेव्हा टपरीवरच्या एका आबांनी विचारलं होतं, ‘‘घाई कसानी शे रे भो?’’ मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. मी बसून चहा घेतला.

जीपने परत यायचं ठरलं तर टपावर सायकल डाव्या अंगावर आडवी बांधायला सांगा, डिरेलर वर. उजव्या अंगावर टाकली की त्याचा कान वाकतो, आणि मग महिन्याभराने तुम्ही परत माझ्याकडे येता: ‘‘भाऊ, सपाटीवर लोण्यासारखी चालते...’’